नाडीचा दोरा

लहानपणीं आमच्या घरीं एक गोष्ट सांगत. एका सरदाराच्या वाड्यांत गोषा फार कडक. घरांतील स्त्री आजारी पडली तरी वैद्यानें तिचा हात धरणें संमत नव्हतें. म्हणून तिच्या मनगटास दोरा बांधीत, त्याचें दुसरें टोंक पडद्याबाहेर वैद्यबुवांच्या हातीं देत, आणि त्यांनीं दोऱ्यावरून नाडी ओळखावयाची. एकदां वाड्यांतील थट्टेखोर मंडळींनीं वैद्यबुवांची परीक्षा पाहण्याचें ठरविलें व दोरा बांधला तो मांजराच्या पायाला. वैद्यबुवांनीं डोळे मिटून क्षणभर दोरा चिमटींत धरला आणि म्हणाले, "दुखणें मोठें नाहीं. रोग्यास भूक लागली आहे. वाटीभर दूध द्यावें. उंदीर सांपडल्यास अधिक उत्तम!"

श्रोतेहो, ही गोष्ट खरोखर घडली असें कोणीं मानूं नये. परंतु आजच्या माझ्या विषयाचें मर्म तींत आलें आहे. सांथीच्या रोगानें पछाडलेल्या माणसाला शिवणें धोक्याचें आणि त्याला टाकून देणें माणुसकीला सोडून. मग त्याच्यापासून दूर राहूनहि त्याच्या प्रकृतीची वार्ता घटकाघटकेला कळावी कशी ? या अडचणींतून वाट काढण्यासाठीं आज दोऱ्याच्या जागीं यंत्रें आलीं आहेत. बोटाला लावावयाचा चिमटा, छातीला चिकटवावयाची पट्टी, औषधाच्या गोळ्यांची पेटी, अशीं हीं नानाविध यंत्रें रोग्याजवळचा आकडा तारेनें किंवा बिनतारी लहरींनीं दूर बसलेल्या डॉक्टरपर्यंत पोंचवितात. ज्या जातीच्या लहरींवरून माझा आवाज आतां तुमच्या घरांत येत आहे त्याच जातीच्या लहरी हें काम करतात. मी डॉक्टर नव्हे. माझी हयात शाळेंत इतिहास शिकविण्यांत गेली. म्हणून यंत्राच्या पोटांत काय आहे यापेक्षां तें कोणत्या वाटेनें आपल्यापर्यंत आलें, एवढेंच सांगण्याचा माझा विचार आहे.

दुरून पाहावयाचें तर आधीं दुखण्याचा आकडा झाला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ताप मोजण्याची रीत फारशी नव्हती. तो हातानेंच पाहात. जर्मनींतील लाइपझिग शहरीं वुंडरलिख नांवाचे प्राध्यापक होते. त्यांनीं सुमारें २५,००० रोग्यांचा ताप वर्षानुवर्षें मोजून १८६८ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा थर्मामीटर फूटभर लांब असे आणि तो पंधरा-वीस मिनिटें काखेंत धरावा लागे. त्याच सुमारास इंग्लंडांत क्लिफर्ड ऑलबट या डॉक्टरांनीं सहा इंच लांबीचा, पांच मिनिटांत ताप सांगणारा थर्मामीटर करविला. तो खिशांत मावे, म्हणून तो सर्वत्र झाला. तापाचे आकडे कागदावर मांडून त्यांची रेघ काढण्याची चाल पडली. विषमज्वराची रेघ जिना चढावा तशी रोज थोडी थोडी वर जाते. हिवतापाची रेघ ठराविक अंतरानें उसळी मारते. रात्रीं जें घडलें तें डॉक्टर सकाळीं येऊन वाचूं लागले. रोगी एकीकडे आणि त्याच्या दुखण्याची खूण दुसरीकडे, अशी फोड येथें झाली.

पुढची पायरी तारेची. हॉलंडांतील लायडन शहरीं प्राध्यापक आइन्थोवन यांनीं हृदयाच्या ठोक्याबरोबर उठणारा विजेचा सूक्ष्म प्रवाह टिपणारें यंत्र सिद्ध केलें होतें. तें इतकें अवजड होतें कीं तें चालविण्यास पांच माणसें लागत. तें रुग्णालयांत नेण्याची गोष्टच नको. मग १९०५ सालीं त्यांनीं रुग्णालयांतील रोग्याच्या हृदयाचा प्रवाह टेलिफोनच्या तारेनें दीड किलोमीटरवरील आपल्या प्रयोगशाळेंत आणला आणि तेथें त्याची रेघ उमटविली. गोष्टींतला दोरा व्यवहारांत उतरला तो असा. पण येथें मधलें अंतर यंत्राच्या वजनामुळें पडलें होतें. संसर्गाच्या भीतीमुळें नव्हे. संसर्गाच्या रोगांत दूर राहून पाहण्याचा अर्थ किती निराळा होऊं शकतो, तें त्यापूर्वींच आपल्या महाराष्ट्रानें अनुभविलें होतें.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यांत वॉल्टर रँड यांच्या हुकमतीखालीं प्लेग कमिटी आली आणि मार्च महिन्यांत शिपायांच्या तुकड्या घरोघर फिरूं लागल्या. माजघर म्हणूं नका, देवघर म्हणूं नका, सर्वत्र शिरून रोगी हुडकावयाचा, त्याला रुग्णालयांत न्यावयाचें आणि घरच्या माणसांना छावणींत ठेवावयाचें. सांथ आवरण्यासाठीं रोगी वेगळा करणें अवश्य होतें, हें आज कोणीहि नाकारणार नाहीं. परंतु ज्या रीतीनें तें झालें त्याचा परिणाम उलटा झाला. लोक रोग्याला लपवूं लागले. ज्याला पाहण्यासाठीं एवढा खटाटोप, तोच दृष्टीआड झाला. २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनीं काय केलें तें श्रोत्यांस ठाऊकच आहे.

त्याच मार्चची दुसरी एक घटना मी वर्गांत नेहमीं याच्या शेजारीं ठेवीत असें. पुत्र डॉ. यशवंतराव यांनीं प्लेगच्या रोग्यांसाठीं काढलेल्या दवाखान्यांत सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनीं आपल्या पाठीवर घालून तेथें आणलें. त्यांना स्वतःला प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. रोगी शोधीत शिपाईहि फिरत होते आणि सावित्रीबाईहि. एकाच्या चाहुलीनें घराचीं दारें बंद होत. दुसरीच्या चाहुलीनें तीं उघडत. पाहारा आणि शुश्रूषा यांतील हा भेद पुढील सव्वाशें वर्षांत कोणत्याहि यंत्रानें पुसलेला नाहीं. यंत्रें या दोहोंपैकीं कोणाच्याहि हातीं जाऊं शकतात.

शुश्रूषेच्या बाजूचा मोठा प्रयोग मद्रासेंत झाला. क्षयावर गुणकारी औषधें १९४४ नंतर एकामागून एक निघालीं. पण क्षयी माणसानें वर्षभर आरोग्यधामांत राहावें ही समजूत कायम होती. आपल्या देशांत खाटा हजारांनीं मोजाव्यात आणि रोगी लाखांनीं. अशा स्थितींत १९५६ सालीं मद्रासेंत एक संशोधनकेंद्र निघालें. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांनीं तें मिळून काढलें. तेथें १९३ रोगी निवडून त्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन वांटे केले. एका वांट्याला आरोग्यधामांत ठेवलें. दुसऱ्याला त्याच्या घरींच ठेवून तींच औषधें दिलीं. घरें दाटीवाटीचीं, खाणें बेताचें, विसांवा नाहीं. तरी वर्षअखेर दोन्ही वांट्यांचे निकाल जवळजवळ सारखे निघाले, आणि घरच्या माणसांना अधिक लागण झाली असेंहि आढळलें नाहीं. १९५९ सालीं हें प्रसिद्ध झालें आणि जगभर क्षयाच्या उपचाराची दिशा पालटली. रोगी घरीं राहूं शकतो, हें दरिद्री माणसाच्या दृष्टीनें केवढें मोठें दान होतें !

पण घरीं राहिलेला रोगी औषध घेतो कीं नाहीं, हें कसें कळावें ? खोकला महिन्या-दोन महिन्यांत थांबतो. औषध पुढें कित्येक महिने घ्यावयाचें असतें. बरें वाटूं लागलें कीं माणूस गोळी सोडतो, आणि अर्धवट मारलेले जंतु औषधाला दाद देईनासे होतात. म्हणून मद्रासचे कार्यकर्ते अवचित घरीं जात, उरलेल्या गोळ्या मोजीत आणि रोग्याची लघवी तपासून तींत औषधाचा अंश आहे कीं नाहीं तें पाहात. याच विचारांतून पुढें, कोणाच्या तरी डोळ्यांदेखत औषध घेण्याची पद्धति निघाली. 'डॉट्स' या नांवानें ती १९९७ पासून आपल्या देशांत सुरू झाली व २००६ पर्यंत देशभर पसरली. तिनें पुष्कळ जीव वांचविले. मात्र रोजंदारीवर जाणाऱ्या माणसानें आठवड्यांतून तीनदां केंद्रावर जावयाचें म्हणजे तितकी मजुरी बुडावयाची, आणि आपल्याला काय झालें आहे तें साऱ्या आळीस कळावयाचें.

मग बंगळुरू येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधनशाळेंत एक साधीशी युक्ति निघाली. तिचें नांव 'नाइन्टी-नाइन डॉट्स'. गोळ्यांच्या पाकिटाला एक कागदी वेष्टण घालतात. गोळी दाबून बाहेर काढली कीं तिच्यामागें लपलेला टेलिफोनचा आकडा दिसूं लागतो. रोग्यानें आपल्या साध्या मोबाइलवरून त्या आकड्यावर विनामूल्य फोन लावावयाचा. गोळी काढल्यावांचून आकडा दिसत नाहीं, म्हणून फोन आला याचा अर्थ गोळी काढली गेली. आणि आरोग्यसेवकाच्या यादींत त्या दिवसाची हजेरी लागते. लाखों क्षयरोग्यांसाठीं ही योजना वापरली गेली.

हजेरी हा शब्द निघाला म्हणजे शाळामास्तराचे कान टवकारतात. हजेरीपटावर 'हजर' असलेला मुलगा वर्गांत असतोच असें नाहीं, आणि 'गैरहजर' मांडलेला कधीं खिडकीबाहेर उभा राहून धडा ऐकत असतो. येथेंहि तसेंच झालें. चेन्नईच्या त्याच जुन्या संस्थेच्या संशोधकांनीं चेन्नई, वेल्लोर आणि मुंबई येथील रोग्यांच्या घरीं अवचित जाऊन लघवी तपासली आणि ती फोनच्या हजेरीशीं ताडून पाहिली. २०२० सालीं त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कित्येकांनीं औषध घेतलें होतें पण फोन केला नव्हता. कांहींच्या नांवावर हजेरी होती पण औषधाचा अंश नव्हता. घरांत मोबाइल एकच आणि तो कामावर गेलेल्या नवऱ्याच्या खिशांत; कधीं फोन लागतच नाहीं; कधीं रोजरोज तेंच करण्याचा कंटाळा येतो. साठ वर्षांपूर्वींची ती काचेची नळी हातीं घेऊन दार ठोठावणारा माणूस यंत्राच्या युगांतहि अनावश्यक ठरला नाहीं, हें मला फार अर्थपूर्ण वाटतें.

यंत्रावांचून गत्यंतरच नाहीं असाहि एक प्रसंग सांगितला पाहिजे, नाहींतर मी यंत्राशीं अन्याय केला असें होईल. २०१४ ते २०१६ या काळांत पश्चिम आफ्रिकेंतील गिनी, लायबेरिया व सिएरा लिओन या देशांत इबोलाची सांथ आली. २८,००० हून अधिक माणसांना ती लागली आणि ११,००० हून अधिक मेलीं. रोग्याच्या घामानें, रक्तानें, स्पर्शानें लागण होई. डॉक्टर आणि परिचारिका डोक्यापासून पायांपर्यंत बंदिस्त पोषाख घालून आंत जात. त्या उकाड्यांत तासाभराहून अधिक टिकणें कठीण. आंत लिहिलेला कागद बाहेर आणतां येत नसे, कारण कागदहि विषारी. म्हणून आंतला डॉक्टर कुंपणाशीं येऊन रोग्यांचे आकडे ओरडून सांगे आणि बाहेरचा तें लिहून घेई. घाईगर्दींत एकाचा ताप दुसऱ्याच्या नांवावर पडण्यास कितीसा वेळ ! 'सीमारहित डॉक्टर' या संघटनेनें गूगलच्या तंत्रज्ञांकडून जाड कवचांत बसविलेली एक पाटी करवून घेतली. ती क्लोरीनच्या पाण्यांत बुडवून शुद्ध करतां येई. आंत तिच्यावर लिहिलेलें बिनतारी मार्गानें कुंपणाबाहेर उमटे. जेथें कागदालाहि बाहेर येण्यास बंदी होती, तेथून आकडा निर्विघ्न बाहेर आला.

आतां त्या बोटाच्या चिमट्याकडे वळूं. २०२० पर्यंत तो बहुधा रुग्णालयांतच दिसे. पुढें तो देव्हाऱ्याशेजारीं ठेवला जाऊं लागला. जपानांतील ताकुओ आओयागी नांवाचे अभियंते हृदयांतून किती रक्त वाहतें तें मोजण्याच्या खटपटींत होते. नाडीच्या ठोक्यामुळें त्यांच्या मापांत सारखा व्यत्यय येई. तो व्यत्यय घालवितां घालवितां १९७२ च्या सुमारास त्यांच्या ध्यानीं आलें कीं ठोक्याठोक्याला हेलावणारें रक्त तेंच धमनींतलें रक्त. प्राणवायूनें भरलेलें रक्त तांबडें भडक असतें. प्राणवायु उणा झाला कीं तें काळवंडतें. एक तांबडा आणि एक डोळ्यांस न दिसणारा असे दोन प्रकाश बोटांतून पार करून, त्यांतला किती शोषला गेला यावरून प्राणवायूचें प्रमाण काढतां येतें. १९७४ सालीं त्यांनीं हें प्रसिद्ध केलें. १८ एप्रिल २०२० रोजीं ते वारले. म्हणजे ज्या महिन्यांत साऱ्या जगाला त्यांच्या चिमट्याची गरज भासूं लागली होती, त्याच महिन्यांत.

कोव्हिडमध्यें एक विलक्षण गोष्ट दिसे. प्राणवायु धोक्याच्या मर्यादेखालीं गेलेला असतांहि रोगी शांतपणें बोलत असे. त्याला दम लागल्याची जाणीव नसे. म्हणून चिमट्याचा आकडा जिवाचा आधार झाला. धारावींत महापालिकेचे लोक थर्मामीटर आणि हे चिमटे घेऊन दारोदार फिरले. इंग्लंडांत त्या वर्षाच्या नोव्हेंबरपासून घरींच असलेल्या रोग्यांना चिमटा देऊन फोनवरून त्यांचे आकडे विचारण्याची योजना देशभर सुरू झाली. कांहीं चिमटे आपण होऊनच आकडा मोबाइलमार्फत डॉक्टरकडे पाठवीत.

त्याच वर्षीं पाहाराहि नव्या वेषांत आला. १८९७ चा तोच कायदा मार्च २०२० मध्यें पुन्हां हातीं घेण्यांत आला. आपल्या राज्यांत घरीं विलग राहावयाच्या माणसांच्या डाव्या हातावर शिक्का उठविला. कर्नाटकांत अशा माणसानें, झोंपेचे तास वगळून, दर तासाला मोबाइलनें आपलें छायाचित्र काढून सरकारकडे पाठवावें असा हुकूम निघाला. त्या छायाचित्रावरून ताप कळत नसे, नाडी कळत नसे. माणूस घरांत आहे एवढेंच कळे. सांथींत असा बंदोबस्त कधींकधीं करावा लागतो. पण त्याला रोग्याची देखभाल म्हणूं नये, एवढेंच माझें म्हणणें.

आणि चिमट्याचा आकडा तरी नेहमीं खरा असतो काय ? २०२० च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील डॉक्टरांनीं चिमट्याचे आकडे प्रत्यक्ष रक्ताच्या तपासणीशीं ताडून पाहिले. चिमटा ९२ ते ९६ म्हणजे ठीकठाक आकडा दाखवीत असतां रक्तांतील खरें प्रमाण ८८ च्याहि खालीं, असें गोऱ्या रोग्यांत शंभरांत सुमारें चार वेळां घडलें. काळ्या रोग्यांत सुमारें बारा वेळां. प्रकाश कातडींतून जातो आणि काळी कातडी तो अधिक शोषते, ही साधी गोष्ट यंत्राच्या मापांत पुरेशी धरलेली नव्हती. आपण बहुतेक सारे सांवळे. ज्या देशांत हा चिमटा घरोघर गेला, तेथें ही गोष्ट घरोघर माहीत असावयास हवी होती.

शेवटीं माझ्या डोळ्यांसमोरच्या दोन गोष्टी सांगतों. २०२१ च्या एप्रिलांत मीहि कोव्हिडनें घरच्या मागल्या खोलींत पडून होतों. महापालिकेच्या केंद्रांतून एक मुलगी सकाळ-संध्याकाळ फोन करी. एके दिवशीं मीं तिला आकडा सांगितला, ८८. ती घाबरली नाहीं. म्हणाली, "काका, हात गार पडलेत का ? चोळून गरम करा आणि पुन्हां लावा. तोंवर मला पन्नासापासून उलटे आंकडे म्हणून दाखवा." मीं एका दमांत म्हणून दाखविले, चिमटा ९६ वर आला. दोऱ्याच्या टोंकाला मांजर आहे, हें तिनें ओळखलें होतें.

त्याच आठवड्यांत आमच्याच इमारतींत राहणारे माझे एक जुने सहकारी, चित्रकलेचे शिक्षक, असेच एकटे पडून होते. त्यांच्या परगांवच्या मुलानें त्यांना आपोआप आकडा पाठविणारा उत्तम चिमटा घेऊन दिला होता, आणि आकड्यांवर लक्ष ठेवण्यासाठीं एका खासगी सेवेचे पैसेहि भरले होते. एका रात्रीं ते आकडे ९३, ९० आणि ८५ असे उतरत गेले. ते सारे वेळेवर पोंचले आणि वेळेवर नोंदले गेले. सावधानतेचा इशारा निघाला तो त्यांच्याच उशाशीं पडलेल्या मोबाइलवर. सकाळपर्यंत तो कोणींहि पाहिला नाहीं. चौथ्या दिवशीं ते रुग्णालयांत वारले. त्या रात्रीं कोणी धांवून आलें असतें तर ते वांचलेच असते, असें मी म्हणत नाहीं. त्या दिवसांत खाट मिळणेंहि दैवाधीन होतें. पण ती रात्र त्यांनीं एकट्यानें काढली, आणि आकडे मात्र एकटे नव्हते.

ही तक्रार यंत्राविरुद्ध नाहीं. इबोलाच्या कुंपणाशीं यंत्रानें जें केलें तें माणसाला साधलें नसतें, आणि उद्यां याहून अधिक सूक्ष्म यंत्रें येतील. तीं यावींत. मात्र तीं घरांत आणतांना आपण दुकानदाराला एकच गोष्ट विचारावी. मीहि माझ्या सहकाऱ्याच्या मुलाला ती विचारावयास हवी होती, पण तेव्हां मला सुचली नाहीं. दोरा चांगला आहे. पण त्याचें दुसरें टोंक रात्रीं तीन वाजतां कोणाच्या हातीं असतें?